समासातली ओळ

प्रिय मावशी,

फोन सोडून कागद घेतला म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, हे तू पानांची जाडी बघूनच ताडलं असशील. आधी सांगून टाकते, माझी तब्येत ठणठणीत आहे, लग्नबिग्न काही ठरवलेलं नाही आणि घरमालकिणीने मला बाहेरही काढलेलं नाही. तेव्हा कपाळाला आठ्या घालू नकोस. खुर्ची ओढ, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच 'पोरगी उगाच मनाला लावून घेते' म्हणून घडी घालून ठेवू नकोस. तुझं आणि मास्तरीणकाकूंचं जे झालं आहे, त्याबद्दल मला बोलायचं आहे. रविवारी युनियनच्या बैठकीत तू उभी राहून सांगणार आहेस की तुझं नाव त्यांनीच मॅनेजरपर्यंत पोचवलं. मग त्यांना सेक्रेटरीपदावरून काढणार. त्याआधी मला जे माहीत आहे ते तुला कळायला हवं. फोनवर मला ते जमलं नसतं. फोनवर तू पहिल्यांदा 'जेवलीस का' विचारतेस आणि माझं सगळं अवसान गळून जातं.

तू अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं आहेस की भाची जगभरातल्या कामगारांची वकील आहे. मी कितीदा म्हटलं, अगं मी इंटर्न आहे, इथे शिकायला ठेवलेली. पण तुला तो शब्दच आवडत नाही. तर ऐक, जगभरातल्या कामगारांची वकील नेमकं काय करते ते. चौथ्या मजल्यावर एक अरुंद खोली आहे. तिच्यात तीन टेबलं, तीन इंटर्न आणि एक प्रिंटर, जो आमच्यापेक्षा जास्त मान खातो. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली मी 'कामाच्या जागेची सुरक्षितता' नावाचा जुना अहवाल घडी करून घातला आहे. त्या अहवालाचा एवढा थेट उपयोग अजून कुणाला झाला नसेल. कायम नोकरीवाल्यांच्या गळ्यात निळं ओळखपत्र, आमच्या गळ्यात पांढरं. लिफ्टमध्ये लोक आधी गळ्याकडे बघतात, मग ठरवतात हसायचं की नाही.

देशोदेशीच्या युनियन आमच्याकडे तक्रारी पाठवतात. सोबत कामगारांचे जबाब असतात, हाताने लिहिलेले, घामाचे डाग पडलेले, कधी अर्धवट. ते वाचून मी सारांश करते. तो सारांश त्या त्या सरकारकडे जातो, की यावर तुमचं काय म्हणणं आहे. सरकार मालकाला विचारतं. म्हणजे फिरून फिरून तो कागद शेवटी मालकाच्याच हातात पडतो, आणि हे आम्हाला पहिल्या दिवशी बजावून सांगितलेलं असतं. म्हणून सारांशात कामगाराची ओळख राहता कामा नये. नाव काढायचं, खातं काढायचं, पाळी, वय, किती वर्षं नोकरी झाली, सगळं काढायचं. माणूस काढायचा आणि त्याचा त्रास तेवढा ठेवायचा. हे काम मला चांगलं जमायचं. आमच्या खात्याच्या मुख्य वकीलबाई, ज्या कुणाचं कौतुक करायचं झालं तर आधी आजूबाजूला बघून घेतात, त्यांनीही एकदा म्हटलं की हिच्या सारांशातून आईलासुद्धा आपली मुलगी ओळखता येणार नाही. मी ते तुला फोनवर सांगितलं होतं आणि तू म्हणालीस, हे कसलं कौतुक गं.

फेब्रुवारीत एक जाड फाइल आली. ती माझ्याकडे आली कारण आपली भाषा वाचता येणारी या इमारतीत मी एकटीच. वर चिठ्ठी होती, रुग्णालयांचे कपडे धुणारी लाँड्री, उष्णता आणि विश्रांतीबद्दल तक्रार. मला वाटलं, अशा लाँड्र्या काय कमी आहेत. पहिला कागद उलटला आणि अक्षर ओळखलं. तो उजवीकडे कललेला, प्रत्येक ओळीच्या शेवटी दमून खाली उतरणारा हात जगात एकाच बाईचा आहे. याच हाताने मला शाळेत असताना अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं. या इंटर्नशिपचा माझा अर्जसुद्धा काकूंनीच तपासला होता, आठवतं ना? तीन ठिकाणच्या 'नम्र विनंती'पैकी दोन त्यांनी खोडल्या आणि म्हणाल्या, एकदा केली की विनंती, तीनदा केली की लाचारी. तुझ्या लाँड्रीतल्या निम्म्या बायकांना अंगठा सोडून सही करायला त्यांनीच शिकवलं, म्हणून तर त्यांना मास्तरीण म्हणतात. तेव्हा जबाब लिहून घेणार त्याच, हे ओघानेच आलं.

सातवा जबाब तुझा होता. वर फक्त 'साक्षीदार क्रमांक सात'. पण इस्त्रीच्या गरम रोलरच्या मोटरकडच्या बाजूला उभी राहून चादरी झेलणारी, संध्याकाळी घरी आल्यावर बादलीत पाय बुडवून बसणारी दुसरी कोण असणार? मी लहानपणी शाळा सुटल्यावर वॉचमनच्या बाकावर बसून जाळीतून तुम्हा दोघींना बघायचे. रोलरमधून चादर बाहेर आली की तू दोन कोपरे धरायचीस, काकू दोन, मग एकमेकींकडे चालत यायचात, कोपरे जुळवायचात, मागे जायचात. बोलत कधीच नव्हता, तरी कुणाचा हात कधी चुकत नव्हता. मला तो खेळ वाटायचा. खालची फरशी मोटरच्या उष्णतेने तापते आणि तुझ्या तळव्यांना फोड येतात, हे मला ठाऊक नव्हतं. बादलीतले पाय मी रोज बघितले आणि समजले, मावशी दमते. अकरा वर्षं तू एक उशीचा अभ्रा भिजवून, चपला काढून, त्याच्यावर उभी राहत होतीस आणि पाळी संपली की तो गुपचूप मळक्या कपड्यांच्या ट्रॉलीत टाकत होतीस, हे तुझ्या घरात वाढूनही मला त्या जबाबातून कळलं.

आणि त्याच्या खालची ओळ. तू काकूंना सांगितलं होतंस की जागा बदलून का मागितली नाही. घरी भाची लहान होती, आणि याच जागेची पाळी तिच्या शाळेच्या वेळेशी जुळायची. एवढंच. काकूंनी ते जसंच्या तसं उतरवलं होतं. मी ते वाचलं, स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन टेबलाशी बसले. पुढे मी जे केलं ते तुला क्रमाने सांगते, कारण एकदा क्रम मोडला की मी स्वतःला वाचवायला लागते, हे गेल्या काही दिवसांत मला कळून चुकलं आहे.

प्रत्येक नवी फाइल हातात घेताना आम्हाला एक छापील कागद भरावा लागतो. त्यात एक प्रश्न असतो, या प्रकरणात आपलं कुणी नात्यातलं किंवा ओळखीचं आहे का. असेल तर फाइल दुसऱ्याकडे जाते. मी 'नाही'समोर खूण केली. मनाशी म्हटलं, दुसऱ्या कुणाला भाषाच येत नाही, भाषांतराला धाडली तर तीन महिने पडून राहील, बिचाऱ्या बायका तिकडे भाजतायत. हे खरंच होतं, पण माझं कारण ते नव्हतं. त्या महिन्यात तिघींपैकी एकीला पुढे ठेवणार होते, आणि जाड फाइल जिच्या टेबलावर तिचं पारडं जड, हे आम्हा तिघींना पाठ होतं.

आता समासातली ओळ. अभ्र्याबद्दल जिथे लिहिलं होतं, त्याच्या बाजूला काकूंनी वेगळ्या शाईने लिहिलं होतं, 'यावरून बाई ओळखू येईल. हे फक्त तुमच्या समजुतीसाठी. कृपया पुढे पाठवू नये.' खाली दोनदा रेघ. मावशी, हे वाक्य नीट वाच, पुन्हा वाच. त्यांनी तुला म्हटलं होतं ना, की वर गेल्यावर ते गाळतील? त्यांनी त्यांच्या बाजूने सगळं केलं होतं. त्यांनी तुला जपलं होतं. ती सूचना या इमारतीत वाचू शकणारं एकच माणूस होतं आणि ते मी होते.

मी अभ्रा गाळला. खरंच गाळला, पहिल्यांदा. स्वच्छ सारांश करून वकीलबाईंकडे नेला. त्यांनी चष्मा वर ढकलून वाचला आणि म्हणाल्या, सगळं बरोबर आहे, पण वाचून काहीच होत नाही. उष्णता जास्त आहे, असं तर प्रत्येक कारखान्याबद्दल लिहितात. सरकार एका ओळीत उत्तर देईल की पंखे लावले आहेत. ज्याला नुसता पंखा हे उत्तर होऊ शकत नाही असं काही आहे का जबाबात? मी म्हटलं, बघते. टेबलाशी आले. समासाकडे बघितलं, मग त्या ओळीवर कोरा कागद ठेवला, म्हणजे दिसू नये. कुणापासून लपवत होते कोण जाणे, खोलीत मी एकटीच होते. मग सारांशात लिहिलं, की रोलरपाशी उभी राहणारी एक कामगार तळवे भाजू नयेत म्हणून उशीचा ओला अभ्रा पायाखाली घेऊन काम करते. नाव नाही, वय नाही, खातं नाही. स्वतःला पटवलं, की अशा किती बायका असतील. किती असणार होत्या, मावशी? रोलरच्या त्या टोकाला दोघीच असता.

आणि भाचीची ओळ मात्र मी चोख गाळली. सारांशात तर घेतली नाहीच, मूळ जबाबातही तिच्यावर मार्कर दोनदा फिरवला, उजेडाला धरून बघितलं, काही दिसत तर नाही ना. तुझी ओळख राहिली तर राहो, माझी राहता कामा नये. ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, वकीलबाईंनासुद्धा नाही. त्यांनी चुकीबद्दल विचारलं, मी चुकीबद्दल सांगितलं. हे चुकीत बसत नाही.

वकीलबाईंनी आठवड्याच्या बैठकीत ते वाक्य मोठ्याने वाचलं. टेबलाभोवतीची माणसं कागदांतून वर बघायला लागली. कुणीतरी विचारलं, हा सारांश कुणी केला? वकीलबाईंनी आजूबाजूला न बघता माझ्याकडे बोट केलं. त्या शुक्रवारी मला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. मी तुला फोन केला, तू फोनवरच रडलीस आणि म्हणालीस, मास्तरीणबाईंना आत्ताच्या आत्ता सांगून येते, त्यांनीच तुझा अर्ज सरळ केला होता. पुढे काही आठवडे तू आनंदात होतीस आणि मीही होते. तुझा अभ्रा तेव्हा पोस्टाने प्रवास करत होता.

त्यानंतरचं तूच मला सांगितलंस, मी फक्त तुला परत सांगते आहे, म्हणजे मी नीट ऐकलं होतं हे तुला कळेल. सकाळची पाळी होती. आधी मॅनेजरने काकूंना केबिनमध्ये बोलावलं, सेक्रेटरी म्हणून. त्या अर्ध्या तासाने बाहेर आल्या, हातात पाण्याचा ग्लास होता, आणि तुझ्याकडे न बघता आपल्या जागी उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी मॅनेजर आणि तो गळ्यात शिट्टी घालून फिरणारा सुपरवायझर, तुमचा 'शिट्टी', दारातून आत आले ते थेट तुझ्याच जागेशी, वाटेत इकडेतिकडे न बघता. शिट्टी म्हणाला, बाई, जरा बाजूला व्हा. खाली वाकला आणि दोन बोटांत धरून अभ्रा उचलला. रुग्णालयाच्या कपड्याचा गैरवापर, म्हणून चौकशी लावली. तुला रोलरवरून काढून मळक्या खात्यात टाकलं, रक्ताच्या आणि उलटीच्या चादरी निवडायला, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना. चौकशीत दोष लागला तर तीही तीन वर्षं जाणार. तू म्हणालीस, नोकरीचं मला एवढं नाही, पण ती बाई एकवीस वर्षं माझ्यासमोर उभी होती. माझे पाय तिच्याशिवाय कुणी बघितलेच नाहीत.

केबिनमध्ये काकूंना काय दाखवलं असेल ते आता मला दिसतं. माझा सारांश दाखवला असेल. ही बाई कोण ते सांगा, म्हटलं असेल. त्यांनी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची आणि खाली वाकून खात्री करायची गरज कुणाला होती? ते थेट तुझ्याकडे आले, कारण रोलरच्या त्या टोकाला तुम्ही दोघीच आणि दुसरीला केबिनमध्ये बघून झालं होतं. त्या तुझ्याकडे बघत नव्हत्या कारण त्यांची नजर कुठे जाते यावर लोक टपून होते. हे मी बघितलेलं नाही, पण त्या बाईच्या हाताखाली अर्ज लिहायला शिकले आहे, म्हणून छातीठोक सांगते.

आणि मग तू तो प्रश्न विचारलास. तुला कदाचित आठवतही नसेल, मला मात्र तो शब्दन् शब्द पाठ आहे. तू म्हणालीस, आता ती म्हणते, जिथे पाठवलं तिथूनच फुटलं असेल. बघ, स्वतःचं पाप कुठे नेऊन ढकलते आहे. मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं, म्हटलं, माझी भाची असल्याच ऑफिसात आहे, तिथली माणसं जीव गेला तरी असं करत नाहीत. आणि मग आवाज खाली आणून विचारलंस, हो ना गं?

मी म्हटलं, हो.

एक अक्षर, मावशी. सारांशात अभ्रा घातला तेव्हा मी लोभी होते, म्हण. मूर्ख होते, म्हण. माझ्या जागी दुसरी कुणीही घसरली असती असंही कुणी म्हणेल. पण त्या 'हो'ला कसलाच आडोसा नाही. काकू खरं बोलत होत्या आणि तू माझ्या नावावर त्यांना खोटं पाडलंस, आणि मी पाडू दिलं. फोन ठेवताना तू म्हणालीस, बरं झालं तुझ्याशी बोलले, मन हलकं झालं.

त्याला पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी रोज ठरवलं आणि रोज शेपूट घातलं. तुला फोन करायचे आणि हवापाणी विचारायचे. तू काकूंचं नाव काढलंस की म्हणायचे, रेंज जाते आहे. एकदा तर मी तुला शहाणपण शिकवलं, की जुनी मैत्री आहे, सोडून दे, माफ करून टाक. माफ करून टाक! जिने काही केलंच नाही तिला. तू म्हणालीस, तू मनाने फार मोठी झालीस गं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि तरी मी काही बोलले नाही.

मंगळवारी फाइलमध्ये नवा कागद आला. तोच उजवीकडे कललेला हात. मला वाटलं, आता काकूंनी लिहिलं असेल की तुमच्याकडून फुटलं, तुमच्यापायी मी बदनाम झाले, मला तसं लिहून द्या. त्यांचा तो हक्क होता. जबाबाची नक्कल त्यांनी सापडू नये म्हणून फाडून टाकली होती, तूच सांगितलं होतंस, म्हणजे समासात त्यांनी काय लिहिलं होतं त्याचा पुरावा या फाइलीखेरीज जगात कुठेच नाही. पण स्वतःबद्दल एक चकार शब्द नव्हता. आठच ओळी होत्या. आमच्या साक्षीदार क्रमांक सातवर कारवाई झाली आहे. तिचे पाय आधीच अधू आहेत, आता तिला मळक्या खात्यात उभं केलं आहे. चूक कुणाची हे नंतर बघता येईल, आधी तिला वाचवावं. आणि खाली विनंती एकदाच केलेली होती.

मी तो कागद घेऊन वकीलबाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नातं, खोटी खूण, समासातली ओळ, त्यावर ठेवलेला कोरा कागद. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मग म्हणाल्या, वाचून काहीच होत नाही असं मी म्हटलं होतं, तेव्हा थोडा दोष माझ्याकडेही येतो. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं आणि लगेच लाज वाटली. माझ्याकडून फाइल काढून घेतली. शुक्रवारी पांढरं ओळखपत्र जमा करायचं आहे. पुढे या कामात मला कुणी उभं करेल असं वाटत नाही, आणि करावं का, हे माझं मलाच सांगता येत नाही. पण तुझ्या कामाचं एवढं झालं आहे, की जबाब दिल्याबद्दल सूड घेतला म्हणून तुझ्या सरकारला तातडीचं पत्र जाणार आहे. चौकशी थांबवावी, तुला मळक्या खात्यातून काढावं, आणि परत त्या तापलेल्या फरशीवर नाही तर धड जागी उभं करावं, असं त्यात असेल. त्यासाठी तुझी संमती लागते. संमतीचा कागद या पत्रासोबत आहे, नीट वाचून, पटलं तरच सही कर. मी सांगते म्हणून करू नकोस. युनियनला दुसरं पत्र जाईल, की माहिती आमच्या कार्यालयाच्या चुकीने बाहेर गेली. त्याला मात्र सतरा टेबलांवरून सह्या लागतात, तीन आठवडे लागतील. बैठक रविवारी आहे.

म्हणून हे पत्र. रविवारच्या बैठकीत कुणीतरी उभं राहून खरं सांगायला हवं, आणि माझ्या सहीचा हा कागद सतरा सह्यांच्या आधी पोचतो. पण हे पाकीट मी तुझ्या पत्त्यावर पाठवलेलं नाही. मी तुला ओळखते. एकटीने वाचलं असतंस तर घडी घालून कपाटात कपड्यांखाली सारलं असतंस, पोरीच्या नावाला बट्टा नको म्हणून रविवारी तोंड मिटून बसली असतीस, आणि काकू तशाच दोषी राहिल्या असत्या. आपण दोघींनी मिळून त्यांच्यावर आणखी एकदा अन्याय केला असता. म्हणून हे सगळं मी शनिवारपर्यंत पोचणाऱ्या कुरिअरने मास्तरीणकाकूंच्या पत्त्यावर पाठवलं, आतलं पाकीट न चिकटवता, आणि वर चिठ्ठी ठेवली, की आधी तुम्ही वाचा. मग मावशीला द्यायचं, बैठकीत वाचायचं, की चुलीत घालायचं, ते तुम्ही ठरवा, तुमची मी शतशः अपराधी आहे. तेव्हा हा कागद तुझ्या हातात असेल, तर तो त्यांनी स्वतःच्या पायांनी चालत येऊन दिला आहे, सगळं वाचून, माझ्या त्या 'हो'सकट. तू पाच आठवडे त्यांच्याशी बोलली नाहीस, त्यामुळे बोलावल्याशिवाय त्या उंबरठा ओलांडायच्या नाहीत. माझ्यावर रागव, आयुष्यभर रागव, मी कुठे जात नाही. पण ते नंतर. त्या दारात उभ्या असतील, मावशी. आधी त्यांना आत घे.

तुझीच, अजून म्हणू देणार असशील तर,
बारकी